कानाचं दुखणं, नाकाची वाट

मुलाचा कान दुखायला लागला की घरात आधी आरोपी शोधला जातो. काल कुल्फी कोणी दिली? आंघोळीच्या वेळी कानात पाणी गेलं का? स्कूटरवर पुढे उभं करून नेलं, कानटोपी का नाही घातली? आजी, आई, बाबा आणि शेजारच्या काकू असा खटला चालतो आणि निकाल बहुधा आईच्या विरोधात लागतो. डॉक्टर मात्र कानात बघून झालं की वेगळंच विचारतात: सर्दी किती दिवसांपासून आहे?

प्रश्न बरोबर आहे. लहान मुलांना सर्वांत जास्त छळणारा कानाचा आजार पडद्याच्या अलीकडे होत नाही, पलीकडे होतो. कानाचा पडदा शाबूत असला तर ती बंद भिंतच. आंघोळीचं पाणी आणि स्कूटरवरचा वारा त्या भिंतीपाशी थांबतात. पडद्यामागे वाटाण्याएवढी हवेची पोकळी असते, तो मध्यकर्ण. ऐकण्याची तीन चिमुकली हाडं तिथेच असतात. या पोकळीत शिरायची वाट नाकाच्या मागून, घशाच्या वरच्या टोकापासून निघते. जंतू कानापर्यंत पोहोचतात ते नाकातूनच.

ही वाट म्हणजे युस्टेशियन नलिका. सोळाव्या शतकात तिचं नीट वर्णन करणाऱ्या बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाचं नाव तिला मिळालं. मोठ्या माणसात ती साधारण ३५ मिलिमीटर लांब असते आणि कानाकडून घशाकडे सुमारे ४५ अंशांनी उतरत येते. तान्ह्या बाळात तिची लांबी जेमतेम निम्मी, सुमारे १८ मिलिमीटर, आणि उतार फक्त १० अंशांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ आडवीच. वर तिच्या भिंतीतली कूर्चा इतकी मऊ की नळी ओल्या कागदाच्या सुरळीसारखी चटकन मिटते.

नळी एरवी मिटलेलीच असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक छोटा स्नायू तिला क्षणभर ओढून उघडतो, हवेची एक झुळूक मध्यकर्णात जाते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. घाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की ते सुटतात, ते याच स्नायूमुळे. बाळात हा स्नायू अजून सरावलेला नसतो. त्यात सर्दी झाली, अस्तर सुजलं आणि नळी उघडेनाशी झाली की आत अडकलेली हवा आजूबाजूच्या ऊती हळूहळू शोषून घेतात. पोकळीत दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातून पाणी पाझरायला लागतं. नाकाच्या मागे एरवी गुण्यागोविंदाने राहणारे जंतू त्या पाण्यात शिरतात. मुख्य जंतू तीन: न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा आणि मोराक्सेला. पाण्याचा पू होतो, पू पडद्याला आतून बाहेर रेटतो, आणि रात्री दोन वाजता मूल किंचाळत उठतं. रात्रीच का, तर आडवं झालं की त्या भागातली सूज वाढते, गिळणंही कमी होतं.

डॉक्टर ऑटोस्कोपने बघतात ती जागा बोटाच्या पेराएवढीही नाही. निरोगी पडदा मोत्यासारखा करडा आणि अर्धपारदर्शक असतो. त्यातून हातोडीच्या आकाराच्या हाडाची दांडी दिसते आणि खालच्या बाजूला प्रकाशाचा एक तिरपा त्रिकोण चमकतो. संसर्ग झालेल्या कानात तो त्रिकोण नाहीसा होतो, पडदा लाल-पिवळा दिसतो आणि बाहेर फुगून येतो. हा फुगवटा निदानात फार महत्त्वाचा, कारण नुसता लाल पडदा तर रडूनही होतो. कधी पडद्याला छिद्र पडून पू बाहेर येतो, कान फुटतो, आणि घरचे घाबरून जातात. गंमत म्हणजे नेमकं त्याच क्षणी मुलाचं दुखणं थांबतं, कारण दाब उतरलेला असतो.

टेक्सासमधल्या एका अभ्यासात ६ महिने ते ३ वर्षं वयाच्या मुलांच्या सर्दीवर वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा ३७ टक्के सर्दी-पडशांच्या मागोमाग मध्यकर्णाचा संसर्ग आलेला दिसला. म्हणजे हा आजार सर्दीच्या पाठीवरच येतो. पण हिशेब इथेच अडतो. सर्दी सगळ्याच मुलांना होते. पाळणाघरातल्या दहा मुलांची नाकं एकाच आठवड्यात वाहतात, पण कान दोघा-तिघांचेच दुखतात, आणि पुढच्या सर्दीत बहुतेक वेळा पुन्हा तेच दोघे-तिघे. असं का?

१९९६ साली फिनलंडमधल्या मात्ती उहारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून धोक्याच्या घटकांची तुलना केली. घरातल्या दुसऱ्या कोणाला कानाचा संसर्ग झालेला असेल तर मुलाचा धोका २.६३ पट. पाळणाघरात जात असेल तर २.४५ पट. आईवडील धूम्रपान करत असतील तर १.६६ पट, चोखणी तोंडात असेल तर १.२४ पट. निदान तीन महिने अंगावर पाजलं असेल तर धोका थोडा कमी. या सगळ्यांत वरचा नंबर घराण्याचा लागला.

पण घराणं म्हणजे फक्त जनुकं नव्हेत. भावाबहिणींचे आईबाप सारखे असतात, तसं घर, स्वयंपाकघरातला धूर, एकमेकांचा शेंबूड आणि बालरोगतज्ज्ञही सारखेच असतात. यातलं रक्तातलं किती आणि घरातलं किती हे वेगळं काढायचं तर जुळ्यांकडे जावं लागतं. एकबीज जुळ्यांची जनुकं शंभर टक्के सारखी, द्विबीज जुळ्यांची इतर भावंडांइतकीच, सरासरी निम्मी. दोन्ही प्रकारच्या जोड्या एकाच घरात वाढतात. म्हणून एकबीज जोडीचे कान एकमेकांशी जितके जास्त जुळतील, तितका जनुकांचा हात मोठा.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये मार्गारेथा कॅसेलब्रँट यांच्या गटाने हे फार चिकाटीने केलं. जुळी मुलं जन्मल्यापासून दोन महिन्यांच्या आत अभ्यासात घेतली आणि पुढे दर महिन्याला त्यांचे कान तपासले. आईला आठवतं का, यावर काहीच सोपवलं नाही, आणि ते फार बरं झालं. कारण कोणाचा कान किती वेळा दुखला हे दोन वर्षांनी कोणालाच धड आठवत नसतं, त्यातून जुळ्यांच्या आईला तर मुळीच नाही. १९९९ साली निष्कर्ष छापून आला: आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत मध्यकर्णात किती काळ पाणी साचून राहिलं, यात मुलामुलांत जो फरक दिसतो त्यातला सुमारे ७३ टक्के जनुकांच्या खात्यावर जातो. नॉर्वेत हजारो जुळ्यांना प्रश्नावली पाठवून केलेल्या आधीच्या अभ्यासात मुलींसाठी ७४ टक्के आणि मुलग्यांसाठी ४५ टक्के असे आकडे आले होते.

हे ७३ टक्के वाचून अनेकांचा गैरसमज होतो, आणि बातम्या लिहिणाऱ्यांचा तर हमखास. एखाद्या मुलाच्या कानदुखीतला पाऊण भाग जन्मजात आणि पाव भाग परिस्थितीचा, असा त्याचा अर्थ नाही. हा आकडा त्या वेळच्या, त्या ठिकाणच्या मुलांमधल्या फरकाबद्दल बोलतो. सगळ्यांची परिस्थिती साधारण सारखी असेल तर फरक जनुकांचाच दिसणार. आणि एखादी गोष्ट आनुवंशिक असली म्हणून ती बदलत नाही असंही नाही. बोस्टनच्या परिसरातल्या मुलांवरचा एक गाजलेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत ८३ टक्के मुलांना निदान एकदा मध्यकर्णाचा संसर्ग झालेला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथला तसाच अभ्यास २०१७ साली आला, त्यात हाच आकडा ६० टक्के. यातला काही भाग निदानाचे निकष कडक झाल्यामुळे उतरला हे खरं. पण एका पिढीत माणसांची जनुकं बदलत नाहीत. मधल्या काळात न्यूमोकोकसची लस आली आणि घरातलं धूम्रपान कमी झालं.

तर मग जनुकं करतात तरी काय? काही मुलांत उत्तर उघड असतं. टाळू दुभंगलेला असला की नळी उघडणाऱ्या स्नायूला धड पकडच नसते, त्यामुळे अशा जवळजवळ प्रत्येक बाळाच्या कानात पाणी साचतं. डाउन सिंड्रोमच्या मुलांमध्ये चेहऱ्याच्या मधल्या भागाची ठेवणच अशी असते की नळी अरुंद राहते. काही थोड्या मुलांत श्वसनमार्गाच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस जन्मतःच हलत नाहीत, मग पाणी घशाकडे झाडून टाकणारं कोणी उरत नाही. हे तिन्ही प्रकार दुर्मीळ किंवा तुलनेने कमी, पण त्यांच्यामुळे एक गोष्ट कळते: कानाचा धोका कवटीच्या आकारातून येऊ शकतो, स्नायूतून येऊ शकतो, नाहीतर केसाएवढ्या यंत्रणेतून.

बाकीच्या, दिसायला धडधाकट मुलांचं कोडं जास्त अवघड. इंग्लंडमधल्या हारवेल इथल्या संशोधकांना कानात सतत पाणी साचणारे उंदरांचे दोन वाण सापडले, त्यांना जेफ आणि जुन्बो अशी नावं मिळाली. जेफमध्ये एफबीएक्सओ११ हे जनुक बिघडलेलं, जुन्बोमध्ये ईव्हीआय१. मग माणसाच्या कुटुंबांत या जनुकांचा शोध घेतला, तेव्हा एफबीएक्सओ११ शी संबंध असल्याच्या खुणा मिळाल्या. २०१५ साली फिलिपाइन्समधल्या एका आदिवासी समाजात, जिथे लग्नं आपापसात होतात आणि कानाचा आजार घरोघरी आहे, ए२एमएल१ या जनुकातला एक दोष पकडला गेला. या जनुकापासून बनणारं प्रथिन मध्यकर्णाच्या अस्तरात ऊतींचं रक्षण करतं असं दिसतं. आणि तोच दोष अमेरिकेत वारंवार कानाचा संसर्ग होणाऱ्या काही मुलांतही सापडला.

मला यातलं सर्वांत रंजक जनुक वाटतं ते एफयूटी२. आपला ए, बी, ओ रक्तगट ठरतो तो रक्तपेशींवरच्या साखरेच्या साखळ्यांवरून. या साखळ्या रक्तापुरत्या नसतात. बहुतेक लोकांच्या लाळेत आणि शेंबडातही त्या असतात, आणि तिथे त्या असाव्यात की नसाव्यात हे एफयूटी२ ठरवतं. युरोपीय वंशाच्या साधारण पाचापैकी एका माणसात हे जनुक बंद असतं, म्हणून त्याच्या लाळेत रक्तगटाची खूण मिळत नाही. अशा साखळ्यांना काही विषाणू आणि जंतू चिकटतात, तेव्हा नाकाच्या मागे कोणती सूक्ष्मजीवांची वस्ती रुजेल यावर याचा परिणाम होतो. २०१८ साली वेगवेगळ्या देशांतल्या कुटुंबांच्या अभ्यासातून या जनुकातले बदल आणि कानाचे संसर्ग यांचं नातं मांडलं गेलं. याच जनुकाचा गुणसूत्र १९ वरचा शेजारी म्हणजे एफयूटी१. त्यातल्या दोषामुळे जो विरळा रक्तगट होतो तो पहिल्यांदा आपल्याकडे, मुंबईत, १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवला, आणि तो जगभर बॉम्बे रक्तगट म्हणूनच ओळखला जातो. भारतातल्या या गटाच्या लोकांत शेजारचं एफयूटी२ सुद्धा बहुधा गायब असतं. रक्तपेढीतलं जुनं कोडं आणि बालरोगतज्ज्ञाकडची कानदुखी अशी एका गुणसूत्रावर शेजारी निघाली.

दोन लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांची आणि त्यांच्या आजारांच्या आठवणींची सांगड घालणारा मोठा अभ्यास २०१७ साली आला, त्यात लहानपणच्या कानदुखीशी जोडलेल्या डझनभर जागा जनुकसंचात मिळाल्या. काहींचा संबंध रक्तगटाच्या साखळ्यांशी, काहींचा चेहरा आणि कान घडण्याशी, काहींचा प्रतिकारशक्तीशी. प्रत्येकीचा वाटा छोटासा. त्यामुळे आज कोणी बाळाची लाळ घेऊन ‘कानदुखीची जनुकीय चाचणी’ विकायला आलं तर पैसे वाचवावेत. मुलाच्या काकाला, आत्याला लहानपणी कान वाहण्याचा त्रास होता का, एवढा प्रश्न विचारून जास्त कळतं, आणि तोही फुकटात.

परिस्थितीच्या बाजूला पाळणाघर आणि मोठी भावंडं यांचं काम साधं आहे: जितकी नाकं जवळ, तितक्या सर्द्या. नोकरी करणाऱ्या आईला पाळणाघर सोडायला सांगण्यात अर्थ नाही, पण कमी मुलांचं पाळणाघर मोठ्या पाळणाघरापेक्षा कानांना बरं. पहिला संसर्ग सहा महिन्यांच्या आत झाला तर पुढे तो वारंवार होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे पहिलं वर्ष जपण्यासारखं. अंगावरच्या दुधाचा फायदा २०१५ साली एकत्रित केलेल्या अभ्यासांत चांगला ठळक दिसला: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध घेतलेल्या मुलांत पहिल्या दोन वर्षांतली कानदुखी सुमारे ४३ टक्क्यांनी कमी. दुधातून संरक्षक प्रथिनं मिळतात हे एक. शिवाय बाटली चोखताना तोंडात तयार होणारा दाब वेगळा असतो, आणि बाळाला सपाट झोपवून बाटली तोंडात दिली की दूध नळीच्या तोंडापाशी जाऊ शकतं. वाटी-चमच्याने पाजतानाही डोकं वर हवंच. चोखणीबद्दल फिनलंडमध्ये एक सुटसुटीत प्रयोग झाला. चोखणी फक्त झोपवतानाच द्या, एवढंच आईबापांना समजावलं, आणि ज्या दवाखान्यांत ते समजावलं तिथे कानाचे संसर्ग २९ टक्क्यांनी कमी झाले.

धुराबद्दल मात्र आपल्याकडे मोकळेपणाने बोलायला हवं. घरात कोणीही सिगारेट-बिडी ओढत असेल तर मुलाच्या मध्यकर्णाच्या आजाराचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो, आई ओढत असेल तर ६२ टक्क्यांनी, असं २०१२ सालच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. धूर अस्तराला सूज आणतो आणि त्यावरचे सूक्ष्म केस लुळे पाडतो. आता आपल्याकडची बाळाची आंघोळ आठवा. मालिश झालं, कढत पाणी झालं, बाळ दुपट्यात गुंडाळलं, आणि मग निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून खोली भरेपर्यंत धुरी. मागाहून कानात कोमट तेलाचे दोन थेंब. हे करणारीचा जीव बाळावर असतो, पण ओव्याचा असला तरी धूर तो धूरच. तेल शाबूत पडद्यापाशी थांबतं, मध्यकर्णाला त्याचा काही उपयोग नाही. पडदा फुटलेला असेल तर ते थेट आत जातं आणि फुटलेला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. चुलीच्या धुराचंही तेच, आणि चुलीपाशी बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला त्याबद्दल दोष देण्यात काही हशील नाही.

न्यूमोकोकसची लस आली तेव्हा आशा मोठी होती. फिनलंडमधल्या चाचणीचे निष्कर्ष २००१ साली छापून आले. लशीतल्या न्यूमोकोकसच्या प्रकारांमुळे होणारी कानदुखी ५७ टक्क्यांनी घटली, पण लशीत नसलेल्या प्रकारांनी मोकळी झालेली जागा घेतली. सगळे संसर्ग धरले तर घट अवघी ६ टक्के. कान म्हणजे गर्दीची जागा, एक भाडेकरू गेला की दुसरा येतो. तरीही लस घ्यायची ती न्यूमोनिया आणि मेंदूज्वरासाठी. कानाचा फायदा वरकड. भारतात सरकारी लसीकरणात ती २०१७ मध्ये काही राज्यांपासून सुरू झाली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली: सहावा आठवडा, चौदावा आठवडा आणि नवव्या महिन्यात तिसरा डोस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वतःची दहा प्रकारांवरची लस बनवल्यामुळे किंमतही आवाक्यात आली.

जनुकं की परिस्थिती, या वादाची खरी कसोटी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात लागते. तिथल्या दुर्गम वस्त्यांतल्या आदिवासी मुलांत कान वाहण्याचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे. अनेक वर्षं ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असं म्हणून सोडून दिलं जात होतं. तिथल्या डार्विन शहरातल्या संशोधकांनी तान्ह्या बाळांच्या नाकातले जंतू तपासले, तेव्हा जन्मानंतर काही आठवड्यांतच तिन्ही मुख्य जंतूंनी तिथे तळ ठोकलेला दिसला. जितक्या लवकर जंतू, तितक्या लवकर कान. एका घरात दाटीने राहणारी माणसं, पाण्याची टंचाई, दवाखाना दूर. वस्तीतल्या एका बाळाच्या आणि शेजारच्या बाळाच्या फरकात जनुकांचा हात असेलही, पण वस्ती आणि शहर यांच्यातली दरी दाटीने आणि गरिबीने खणलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कायम वाहणाऱ्या कानांचं प्रमाण ४ टक्क्यांहून जास्त असलेल्या देशांची जी यादी केली होती, तिच्यात भारतही होता.

दुखणारा कान निदान ओरडून सांगतो. दुखणं थांबल्यावर पडद्यामागे राहून गेलेलं घट्ट, डिंकासारखं पाणी मात्र काहीच सांगत नाही. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली की दुसऱ्या हाकेला वळतं, शाळेतल्या बाईंना ते दुर्लक्ष करणारं वाटतं. यात बहुतेकांचं पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर तेवढे थांबतात आणि मग श्रवणचाचणी करायला सांगतात. ऐकू कमी येत असेल आणि पाणी दोन्ही कानांत असेल तर पडद्यात ग्रोमेट नावाची मण्याएवढी नळी बसवतात. ती युस्टेशियन नलिकेचं काम तात्पुरतं करते, हवा आत सोडते, आणि सहा महिने ते दीड वर्षात बहुधा आपली आपण गळून पडते. तोवर मुलाची स्वतःची नळी थोडी लांब, थोडी उतरती झालेली असते. सात वर्षांच्या सुमारास ती मोठ्या माणसासारखी होते, आणि ज्या घरात तिघा भावंडांचे कान वाहत होते त्या घरातही बहुतेक वेळा तोवर वाहायचे थांबलेले असतात.